रंजूच्या टेपेला मी दिलेले गुण

रंजू, तू गेल्याचा फोन आला तेव्हाही मला आधी तुझा हेवाच वाटला. रडू नंतर आलं. सकाळचा चहा घेतलास, कप विसळून पालथा ठेवलास, खुर्चीत बसलीस आणि गेलीस. ना हॉस्पिटल, ना नळ्या, ना कुणाची जागरणं. मी मनात म्हटलं, हिने मरणसुद्धा बरोबर निवडून घेतलं. हे असलं कुणाला सांगता येत नाही, म्हणून तुलाच सांगते आहे.

गेल्या रविवारी परळच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली. खुर्च्या संपल्या, तशी माणसं भिंतींना टेकून उभी राहिली. एक म्हातारे गृहस्थ बोलायला उठले, माइक धरून बराच वेळ नुसते उभे राहिले आणि काहीच न बोलता खाली बसले. सगळा हॉल रडला. मी तिसऱ्या रांगेत बसून हिशोब करत होते की माझ्या सभेला कोण येईल. संस्थेतले दोघे-तिघे येतील, माटुंग्याच्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी येतील आणि घड्याळ बघतील. मला बोलायला बोलावलं, "सुषमाताई तर बालमैत्रीण" म्हणून. मी घसा बसल्याची खूण केली. घसा ठणठणीत होता.

बोलले असते तर एकच गोष्ट बोलायची होती. सात वर्षांपूर्वी तुझ्या ट्रेनिंगला मी जे गुण दिले, ते खोटे होते. त्या गुणांमुळे तुझ्या हाताखाली शिकणाऱ्या नऊ बायकांना प्रमाणपत्र मिळालं नाही. संस्थेला हे लेखी कळवायचं की नाही, हे मी सात वर्षं ठरवत बसले. आधी रंजूला सांगू, मग संस्थेला, असं म्हणत राहिले. आता तू नाहीस, आणि मी अजून ठरवतेच आहे. म्हणून हे सगळं पहिल्यापासून लिहून काढते. कुठे थांबायचं होतं ते लिहिताना तरी दिसेल.

लालबागच्या आपल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर आमची खोली जिन्याजवळ आणि तुमची संडासाजवळ. एवढ्या एकाच बाबतीत आम्ही तुमच्याहून वरचढ. गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आपण सहावीत होतो. बाबा गिरणीत रिंग खात्यात, म्हणजे सूतकताईला, तुझे वडीलही गिरणीतच. पण तुझ्या आईची खानावळ होती, आणि संपात गिऱ्हाइकं गावाला गेली तरी ती माउली चार माणसांपुरतं का होईना रांधत राहिली. तुमच्या दारात माणसं असायची. आमच्या दारात बाबा बसायचे, पायरीवर, गुडघ्यांना हाताची मिठी घालून. पहिले काही महिने ते मोर्च्याला गेले, सभांना गेले. मग एका सकाळी घरी आले ते त्या पायरीवर बसले आणि पुढची कित्येक वर्षं उठलेच नाहीत, असं मला वाटतं.

माझ्याशी ते दोनच वाक्यं बोलायचे. "अभ्यास झाला?" आणि "दिवा मोठा कर." संपाविषयी कधी विचारलंच, तर उत्तर 'आमी'ने सुरू व्हायचं. आमी मोर्च्याला गेलो. आमी उपाशी ऱ्हायलो. तुला काय करायचंय, तू शीक. आपल्या भाषेत 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, हे व्याकरण मला मास्तरांनी नंतर शिकवलं. मला ते बाबांनी आधीच शिकवलं होतं.

आणि तू यायचीस सुपात तांदूळ घेऊन, बसायचीस त्यांच्या शेजारी पायरीवर निवडत. तू काही विचारायची नाहीस. नुसतं "मग, काका?" म्हणायचीस, तेही खडा शोधता शोधता. आणि बाबा बोलायचे! मी आत पुस्तक उघडं टाकून कान लावायची. साच्यांच्या आवाजात ओठांवरून बोलणं कसं ओळखायचं, जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, कसा होता, पाळी सुटल्यावर सगळे कुठे चहा प्यायचे. तुझ्याशी बोलताना ते 'आपुन' म्हणायचे. "आपुन रिंगा भरायचो, मग आपुन भाईर यायचो." जणू तूही त्यांच्याबरोबर खात्यात होतीस, चांगली सहावीतली मुलगी. मी एकदा तुझ्या सुपात मूठभर खडे टाकले होते. तुला वाटलं रेशनचा तांदूळच तसा आला. ते खडे रेशनचे नव्हते, रंजू, माझे होते.

मी शिकले, पहिल्या वर्गात एम.ए. झाले, मानसशास्त्राची पुस्तकं पाठ केली. तू नोकरी करून, संध्याकाळच्या कॉलेजातून समाजकार्याचा डिप्लोमा रडतखडत काढलास. आणि मग आपण दोघी ज्या संस्थेत लागलो, तिथे तो प्रकल्प आला. मोठ्या आघातातून गेलेल्या माणसांसाठीची, तपासून सिद्ध झालेली उपचारपद्धत वस्तीतल्याच बायकांना शिकवायची, म्हणजे माणसाला डॉक्टरच्या पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत. शिकवायला एक प्रशिक्षक हवी होती. मी अर्ज केला, तूही केलास. निवडीसाठी प्रत्येकीला एका माणसाशी अर्धा तास बोलायला लावलं. माझ्यासमोर बसलेल्या बाई अर्धा तास पदराशी चाळा करत राहिल्या. तुझ्या खोलीतून पाचव्या मिनिटाला हुंदका ऐकू आला. संस्थेचे साहेब मला म्हणाले, "सुषमाताई, तुमचं ज्ञान पक्कं आहे. पण लोक तुमच्याशी बोलत नाहीत हो." हे मला नव्याने कळलं होतं असं थोडंच? त्यांनी मला मूल्यमापनाला बसवलं. तुला माणसं मिळाली, मला त्यांच्या टेपा.

पद्धत सांगायला सोपी आहे. ज्या आठवणीपासून माणूस आयुष्यभर पळतो, ती त्याने डोळे मिटून, आत्ता घडते आहे अशी सांगायची. एकदा सांगून थांबायचं नाही. पुन्हा सांगायची, दर भेटीत सांगायची, इतक्या वेळा की ती अंगावर यायची थांबते आणि नुसती आठवण होते. पण हे करवून घेणारी कच्ची असेल तर जखम उघडी पडते आणि तशीच राहते. म्हणून प्रत्येक सत्र रेकॉर्ड करायचं. रेकॉर्डर काडेपेटीएवढा, पण तू त्याला टेपच म्हणायचीस, म्हणून सगळेच म्हणायचे. आणि मी बंद खोलीत कानाला यंत्र लावून, तक्त्यावर एकेक कलमाला गुण द्यायचे. समुपदेशकाने मध्ये उपदेश केला का? माणूस टाळत होता तेव्हा त्याला परत आठवणीवर आणलं का? वेळेआधी थांबवलं का?

तुझ्या नऊ बायकांची पहिली सत्रं ऐकून मी कपाळाला हात लावला होता. लेखी परीक्षेत सगळ्या पास, आणि समोरचा माणूस रडायला लागला की सगळ्या पाणी आणायला उठायच्या! आपल्याकडे रडणाऱ्याला पाणी देतात, पाठीवर हात फिरवतात, "नको रडू, झालं गेलं" म्हणतात. नेमकं तिथेच सांगणं तुटतं. मी अहवालात कडक लिहिलं. तू काय केलंस? त्यांना एक शब्द बोलली नाहीस. माणूस यायच्या आधीच त्याच्या हाताशी भरलेला तांब्या आणि फुलपात्र ठेवायला लागलीस. पुढच्या टेपांमध्ये एकही बाई उठली नाही. मला हे सात जन्मांत सुचलं नसतं. मी तो तांब्या संस्थेच्या मार्गदर्शिकेत घातला, चांगला चौकटीत छापून, आणि तुझं नाव घातलं नाही. ते पान तू पाहिलंस आणि मला म्हणालीस, "काय गो, छान छापलंय."

तुझ्यात दोष नव्हते असं मात्र म्हणणार नाही. मेल्या माणसाला सूट देतात, मी देत नाही. तू वेळ पाळायची नाहीस. एकाचं सत्र संपून दुसरा दारात उभा असायचा आणि तुझं आतलं चालूच. भेटीनंतर माणसाने घरी रोज स्वतःची टेप ऐकायची असते, तो तर अर्धा उपचार; ते ऐकलं का, हे तू विचारायला विसरायचीस. माणसं बरी झाली की तू खूश, कशाने झाली याची चौकशी नाही. आपलं भांडण कायम यावरच. "तुझ्यावर जीव टाकतात म्हणून ती बरी होतात, असं मी मानत नाही," मी म्हणायची. "जीव टाकायला तर लोक बुवांवरही टाकतात." तू म्हणायचीस, "मग मोज ना गो. मी कुठे नाही म्हणते? नीट मोज पण." या भांडणात मी अजूनही माझ्या बाजूने आहे. मोजलंच पाहिजे. पण 'नीट' हा शब्द तू घातला होतास, आणि नेमकं तेच मी केलं नाही.

शेवटच्या टप्प्यात प्रशिक्षकाने स्वतः घेतलेलं एक सत्र द्यायचं होतं. कुठलं द्यायचं ते तिनेच निवडायचं. ते उत्तीर्ण झालं तर तिच्या तुकडीला मान्यता, नाही तर सगळ्यांनी बाहेरच्या प्रशिक्षकाकडे पुन्हा पहिल्यापासून शिकायचं. तुझ्या पाकिटावर नेहमीसारखा नुसता क्रमांक होता. मी यंत्र कानाला लावलं. तू विचारलंस, "डोळे मिटले? कुठे आहोत आपण आत्ता?" आणि बाबांचा आवाज आला.

"नाक्यावर. भोंगा झालाय."

नियम असा की सांगणाऱ्या माणसाचा आवाज ओळखीचा निघाला तर तिथेच बंद करायचं, पाकिटावर तसं लिहायचं आणि टेप दुसऱ्या मूल्यमापकाला द्यायची. हा नियम मी इतरांना शिकवायची. मी बंद केलं नाही. मला ऐकायचं होतं, रंजू. चाळिशी उलटलेली बाई, डोळ्यांवर चष्मा, आणि मी दाराआडून कान लावल्यासारखी ऐकत होते.

बाबांच्या शेजारच्या मशीनवर काम करणारा त्यांचा दोस्त, त्याला मी इथे सावंत म्हणते, खरं नाव वेगळं. संप लांबला, सावंतच्या घरात खायला उरलं नाही, आणि त्याने कामावर परत जायचं ठरवलं. एकटा जायला घाबरत होता. बाबांनी शब्द दिला, मी येतो बरोबर. "सावंत पुढं चाललाय," बाबा सांगत होते. "इचारतोय, हायस नव्हं मागं? आपुन म्हनतोय, हाय. कोपऱ्यावर मानसं हुभी हायत. आपुन थांबलोय. सावंत चाललाच हाय, त्याला म्हाईतच न्हाय." मग टेपेत बराच वेळ नुसता श्वास. तू म्हणतेस, "मग, काका?" बाबा म्हणतात, "त्यानं मागं वळून बगितलंय. आपुन न्हाय तितं. आपुन दुकानाच्या फळीमागं हाय." सावंतला जमावाने मारलं. पाय कायमचा गेला. तो कोकणात गेला तो परत आला नाही, आणि बाबा घरी येऊन पायरीवर बसले.

ते तुझ्याकडे येतात हेही मला ठाऊक नव्हतं, आणि हे त्यांनी तुला सांगितलं. मी पोटची मुलगी, पहिला वर्ग, आघात या विषयावर तासन्‌तास बोलू शकणारी. तुला सांगितलं. मी ती टेप तीनदा ऐकली, आणि तिसऱ्यांदा मला बाबांचं दुःख ऐकू येईनासं झालं. फक्त 'आपुन' ऐकू येत होतं. ते तुला नाक्यावर घेऊन गेले होते, फळीमागेही घेऊन गेले होते, आणि मी संस्थेच्या खोलीत बसले होते.

तक्त्यात एक कलम अनिवार्य होतं. माणूस 'मी' म्हणून, आत्ता घडतंय असं सांगतो का, आणि सांगत नसेल तर समुपदेशक त्याला तिथे आणतो का? त्यात शून्य मिळालं की सत्र नापास. कलमाखाली एक ओळ होती: बोलीत वेगळा वापर असल्यास शेऱ्यात नोंदवावा व गुण द्यावेत. ती ओळ मराठी तक्त्यात मीच भांडून घालून घेतली होती. गिरणीतला माणूस स्वतःला 'आपुन' म्हणतो, हे साहेबांना माहीत नव्हतं, तक्ता बनवणाऱ्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. एक वाक्य लिहायचं होतं. मी शून्य लिहिलं, शेऱ्याची जागा कोरी ठेवली आणि सही केली.

निकाल लागला. तुझ्या नऊ जणींपैकी पाच जणी "आता पुन्हा कोण शिकतंय" म्हणून घरी बसल्या. उरलेल्यांना घेऊन तू परळच्या त्या खोलीत विनामान्यतेचं काम करत राहिलीस. मला मूल्यमापन विभागाची प्रमुख केलं. निकालानंतर आठवड्याने तू मला दादरला बोलावलंस, आपल्या नेहमीच्या उपाहारगृहात. कोथिंबीर वडी मागवलीस.

"सुषे, 'आपण' म्हणजे काय ते तुला माहीत नाही?"

"मला माहीत असून काय उपयोग? पद्धतीला माहीत नाही."

"पद्धतीला तू सांगायचं ना. त्यासाठी तर तुला बसवलीय तिथे."

"तो माणूस 'मी' म्हणायचं टाळत असेल, असंही होऊ शकतं," मी म्हणाले. हे अगदीच खोटं नव्हतं. मला आजही तशी थोडी शंका आहे.

"कोण माणूस?" तू विचारलंस.

"तुझा तो क्लायंट. नावं कुठे असतात आम्हाला?"

तू "बरं" म्हणालीस आणि माझ्या ताटलीतली शेवटची वडी उचलून खाल्लीस. पुन्हा हा विषय तू कधी काढला नाहीस. मला वाटलं, सुटले. आणि तुझा रागही आला, की ही भांडत का नाही? भांडली असतीस तर मी रागाच्या भरात तरी खरं बोलले असते.

त्यानंतर बाबा आठ महिने होते. मी दर रविवारी लालबागला जायची. ते कॉटवर, मी खुर्चीत. मला सगळं माहीत होतं, पण मी ते ऐकलं होतं नियम मोडून, मग विचारणार कसं? मी ठरवलं, ते स्वतः सांगतील तेव्हा ऐकू. ते माझ्याकडे बघायचे. काहीतरी बोलतीलसं वाटायचं, आणि मी घाईने म्हणायची, "चहा टाकू?" ते म्हणायचे, "टाक." आठ महिने आम्ही चहा प्यायलो. ते गेले तेव्हा तू इतकी रडलीस की बायका तुलाच धरून बसल्या, आणि मी पाहुण्यांना खुर्च्या देत होते.

इथवर लिहून ठेवलं होतं, आणि परवा कुंदा आली. तुझ्या नऊ जणींतली टिकलेली, तुझ्या सत्रांना कोपऱ्यात बसून शिकणारी. मी दार उघडलं तर ही पिशवी सावरत उभी. चहा घेतला आणि सरळ मुद्द्यावर आली.

"ताई, परळची खोली चालू ठेवायची हाय. आमी चौघी करू. पण शिकवायला तुमी पायजेत."

मी म्हणाले, "मी? माझ्याशी लोक बोलत नाहीत, कुंदा."

"रंजूताई बोलायची, सुषमाला सगळं येतं, फक्त बसत नाय ती. आता बसा."

तेव्हा मला राहवलं नाही. तिला म्हटलं, आधी एक ऐक, मग ठरव मी हवी का ते. आणि सगळं सांगितलं. आवाज बाबांचा होता, मी ओळखला होता, गुण मुद्दाम दिले नाहीत, तुमची वर्षं माझ्यामुळे गेली. कुंदाने कपातला चहा संपवला.

"आवाज तुमी वळखला असणार, ते म्हाईत होतं ना आमाला," ती म्हणाली. "ती टेप त्याच्यासाठीच दिलेली."

"कशासाठी?"

"मी बसलेली ना त्या सेशनला. संपल्यावर काका बोलले ताईला, हे सुषीला सांगायचंय, पन तिच्या तोंडावर आपल्याच्यानं न्हाय व्हनार. तिला ऐकीव. तर ताई बोलली, थांबा, टेप तिच्याकडेच जाते तपासायला. आमी बोललो ताईला, दुसरी टेप द्या, ती चांगली झालीय, ह्याच्यात 'आपुन आपुन' हाय, मार्क जातील. तर ताई काय बोलली सांगू? बोलली, काही जात नाय. सुषी शेऱ्यात लिहिणार. आपल्या चाळीतली हाय ती."

रंजू, त्यानंतर ती काय बोलली ते मला नीटसं आठवत नाही. रागावली नव्हती. प्रमाणपत्र मिळालं असतं तर बरं झालं असतं, एवढंच म्हणाली, आणि गुरुवारी या म्हणाली. मी तिला जिन्यापर्यंत सोडलं आणि परत येऊन खुर्चीत बसले.

म्हणजे तुला वाटलं होतं मी लिहीन. तू नऊ जणींचं सगळं माझ्या एका वाक्यावर ठेवलंस, आणि दादरला मला विचारलंस "कोण माणूस?" तेव्हा तू मला शेवटचं एकदा दार उघडून देत होतीस. मी "क्लायंट" म्हणाले. एवढा विश्वास माझ्यावर कुणी ठेवायला सांगितला होता तुला? मी तुझ्या जागी असते तर ठेवला नसता. बघ, हेवा अजून गेलेला नाही. माझ्या बाबांना मी ओळखत नव्हते, तू ओळखत होतीस. मलाही तूच जास्त चांगलं समजत होतीस, आणि नेमकी त्याच एका जागी चुकलीस.

काल संस्थेला पत्र दिलं. ओळखीचा आवाज लपवला, अनिवार्य कलमाचे गुण चुकीचे दिले, शेरा जाणूनबुजून लिहिला नाही, सत्र पुन्हा तपासावं आणि नऊही जणींची मान्यता विचारात घ्यावी. माझं पद बहुधा जाईल. जाऊ दे. मार्गदर्शिकेतल्या तांब्याच्या चौकटीत तुझं नाव घालावं, असंही खाली लिहिलं आहे. गुरुवारी परळला जाणार आहे. लोक बोलतील की नाही, माहीत नाही.

पण एक गोष्ट मला कोणी सांगू शकत नाही. कुंदाला विचारलं, तिला ठाऊक नाही. बाबांनी टेप मला ऐकवायचं काम तुझ्यावर सोपवलं, आणि मग आठ महिने ते दर रविवारी माझ्या तोंडाकडे बघत होते. मी ते बोलतील म्हणून थांबले होते आणि ते मी बोलेन म्हणून. मधल्या वारी तू त्यांच्याकडे जायचीस. त्यांनी तुला विचारलं असणारच, सुषीनं ऐकलं का म्हणून. ऐकलं असं सांगितलं असशील, तर मी ऐकून गप्प बसले असं समजून ते गेले. नाही म्हणून सांगितलं असशील, तर वाट बघत गेले.

रंजू, तू त्यांना काय सांगितलंस?